गरजेल तो पडेल काय?

मंडळी, आज जरा भांडायला बसले आहे. भांडण एका चित्राशी आहे, त्यामुळे घरातल्यांनी काळजी करू नये.

या चित्राचे नाव वर्ड क्लाउड. मराठीत काही जण त्याला शब्दमेघ म्हणतात. नाव ऐकले नसेल तरी चित्र तुम्ही नक्की पाहिले असेल. झाडाच्या, दिव्याच्या किंवा उघड्या पुस्तकाच्या आकारात दाटीवाटीने बसलेले शब्द, काही आडवे, काही उभे, दोनचार भलेमोठे आणि बाकीचे मुंगीएवढे. संस्थांच्या वेबसाइटच्या माथ्यावर ते असते, शाळेच्या वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठावर असते आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात तर पहिल्याच स्लाइडवर असते. करायला अगदी सोपे. एखादा मजकूर उचलायचा, चौकटीत डकवायचा आणि बटण दाबायचे. यंत्र 'आणि', 'पण' यांसारखे किरकोळ शब्द वगळते, उरलेले मोजते, जो जास्त वेळा आला तो मोठा छापते आणि जागा मिळेल तिथे बसवते. अर्ध्या मिनिटात चित्र तयार. सगळे म्हणतात, "वा, छान!"

छान दिसते हे मलाही मान्य आहे. माझे म्हणणे इतकेच, की हे चित्र आपण काहीतरी वाचले, काहीतरी समजले असे भासवते आणि प्रत्यक्षात वाचनाची वेळच येऊ देत नाही.

आधी थोडा इतिहास सांगते, कारण सुरुवात वाईट नव्हती. १९७६ साली स्टॅन्ली मिलग्राम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पॅरिसच्या रहिवाशांकडून त्यांच्या मनातल्या शहराचे नकाशे काढून घेतले होते. त्या अभ्यासात एक नकाशा असा होता, की ज्या ठिकाणाचा उल्लेख जास्त, त्याचे नाव मोठ्या अक्षरात. मात्र प्रत्येक नाव शहरात जिथले तिथेच छापलेले होते, म्हणजे आकारालाही अर्थ होता आणि जागेलाही. पुढे २००४ च्या सुमारास फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळाने लोकांनी फोटोंना दिलेली लेबले अशीच लहानमोठी दाखवली. तिथे शब्दावर टिचकी मारली की त्या विषयाचे फोटो उघडत. तो शब्द म्हणजे दार होते. २००८ साली जोनाथन फाइनबर्ग यांनी वर्डल नावाचे साधन जालावर ठेवले आणि हे चित्र जगभरच्या वर्गांत पोचले. (२०२१ साली आलेला पाच अक्षरांचा खेळ वर्डल तो वेगळा. नावापलीकडे त्यांचा संबंध नाही.) या प्रवासात नकाशा गेला, दारही गेले, उरला तो नुसता ढग.

आता माझे आक्षेप.

पहिला आक्षेप साधा, डोळ्यांचा. 'परिस्थिती' आणि 'घर' हे दोन शब्द सारख्याच वेळा आले, तरी 'परिस्थिती' जास्त जागा अडवणार, कारण तो शब्दच लांब. रंग यंत्राने मनाला येतील तसे दिलेले. कोण कोणाशेजारी बसला यालाही काही अर्थ नसतो. पण बघणाऱ्याला वाटते, लाल आहे म्हणजे महत्त्वाचा असेल, शेजारी आहे म्हणजे नाते असेल. सातवीतल्या मुलाने असा आलेख काढला असता तर आम्ही "अक्ष कुठे आहे? प्रमाण कुठे आहे?" असे लाल शाईने विचारले असते.

दुसरा आक्षेप भाषेच्या शिक्षिकेचा. आयुष्यभर मी मुलांना सांगत आले, की पुनरुक्ती टाळा. एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की निबंध कंटाळवाणा होतो. चांगले लिहिणारा एकदा 'आई' म्हणेल, एकदा 'माउली' म्हणेल आणि एकदा काहीच न म्हणता नुसते 'ती' म्हणेल. त्या 'ती'मध्येच सगळी माया असेल. यंत्राच्या लेखी 'ती' हा कचरा! म्हणजे जितके लेखन चांगले तितका त्याचा ढग विरळ, आणि जितके ठोकळेबाज तितका घनदाट. निवडणुकीतल्या भाषणाचा ढग फार सुंदर येतो, तो त्यामुळेच.

तिसरा आक्षेप खास आपल्या मराठीचा, आणि तो मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. इंग्रजीत 'स्कूल' हा शब्द वाक्यात कुठेही ठेवा, 'स्कूल'च राहतो. 'इन', 'टू', 'फ्रॉम' वगैरे मंडळी त्याच्या बाजूला सुटी उभी असतात. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि चिकटताना शब्दाचे रूपही बदलतो. एका मुलीचा पावसाळ्यावरचा छोटा निबंध घेऊन मी वहीत हाताने मोजून पाहिले. पाऊस, पावसात, पावसाला, पावसाचा, पावसाने ही पाच रूपे प्रत्येकी एकदा आली होती. 'छान' मात्र तीनदा होते. यंत्राच्या हिशेबात ढगातला मोठा शब्द 'छान', आणि पाऊस पाच तुकड्यांत कोपऱ्यात विखुरलेला. पावसावरच्या निबंधाच्या ढगातून पाऊसच गायब, याहून मोठा विनोद कोणता?

याहूनही वाईट होते. माझा भाचा संगणकातला आहे. त्याने मला पायथन या भाषेतले वर्ड क्लाउड काढण्याचे एक प्रचलित साधन दाखवले. त्याचा मूळचा नियम असा आहे, की काना, मात्रा, वेलांटी ही त्याच्या लेखी अक्षरेच नाहीत. तिथे शब्द संपला असे ते समजते. नियम मुद्दाम बदलला नाही, तर 'मराठी' या शब्दाचे दोन तुकडे होतात, 'मर' आणि 'ठ'. मी दोन मिनिटे गप्पच बसले. भाचा म्हणाला, "मावशी, त्याला मराठी कळत नाही गं, ते फक्त तुकडे मोजतं." मी म्हटले, "अरे, मग मराठी शाळेत त्याला बोलावतोस कशाला?" जाणकार माणूस हे सगळे दुरुस्त करू शकतो, योग्य टंक घालू शकतो, हे त्याने मला सांगितले आणि ते खरेच आहे. पण शाळेतली बाई रात्री अकरा वाजता उद्याच्या तासाची तयारी करताना ते करणार आहे का?

चौथा आक्षेप 'नाही' या शब्दाचा. "मला गणिताची भीती वाटत नाही" हे एका मुलाचे वाक्य. किरकोळ शब्द वगळताना 'नाही' वगळला, तर ढगात उरते 'गणिताची' आणि 'भीती'. न वगळावा, तर भलामोठा 'नाही' मध्यभागी, आणि कशाला नाही, ते कोणालाच कळत नाही. वाक्य मोडले की अर्थ मोडतो हे आपण व्याकरणाच्या पहिल्या धड्यात शिकवतो.

संतसाहित्याचे वर्ड क्लाउड काढण्याचीही हौस मी पाहिली आहे. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत आणि बहुतेकांच्या शेवटी त्यांची नाममुद्रा येते. तेव्हा ढगात ठळक कोण दिसणार? 'तुका' आणि 'म्हणे'. मोजणी अगदी बरोबर, आणि हाती आले शून्य. याउलट जुन्या गाथेच्या शेवटी अभंगांची अकारविल्हे सूची असते, ती आठवून पाहा. रंग नाही, आकार नाही. पण त्या सूचीवरून बोट फिरवले की आपण अभंगापाशी जाऊन पोचतो. मॉरिस ब्लूमफील्ड यांनी १९०६ साली वेदमंत्रांची प्रचंड सूची छापली, तिचे कामही तेच, वाचकाला मूळ मंत्रापाशी नेऊन सोडणे. शब्द मोजण्याला माझा विरोध नाही. मोजल्यावर मजकुराकडे परत जायची वाट ठेवा, एवढेच मागणे आहे.

आता दोन गोष्टी सांगते, ज्यांच्यामुळे हा लेख टंकायला घेतला.

माझे एक जुने सहकारी आजारी असताना त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांना एक फ्रेम भेट दिली. चाळीसेक जणांनी पाठवलेल्या निरोपांचा वटवृक्षाच्या आकारातला वर्ड क्लाउड. 'सर', 'मार्गदर्शक', 'शिस्तप्रिय', 'प्रेमळ' हे शब्द मोठे. सरांनी ती हातात घेऊन पाहिली, "छान आहे" म्हणाले आणि बाजूला ठेवली. मग मी त्या मुलांकडून मूळ निरोप मागवले आणि सरांना वाचून दाखवले. एकाने लिहिले होते, की सरांनी माझी परीक्षेची फी भरली आणि घरी सांगू नकोस असे बजावले. सर मला थांबवून म्हणाले, "हे पुन्हा वाचा." फ्रेममध्ये या वाक्याचे 'फी' आणि 'परीक्षा' झाले होते, आणि तेही भिंग लावून शोधावे लागले. मुलांचा हेतू चांगलाच होता, पण त्यांच्या हातातला सोन्याचा दाणा यंत्राने कोंड्यात टाकला.

दुसरी गोष्ट एका शाळेतली. शाळेचे नाव सांगत नाही. पाहुणी म्हणून गेले होते. सहावीच्या वर्गात मुलांना टॅबवर प्रश्न दिला, "शाळा म्हणजे काय? एका शब्दात सांगा." मुले शब्द टाकत होती आणि पडद्यावर ढग फुगत होता. 'ज्ञान' मोठा झाला, 'मैत्री' मोठा झाला, 'संस्कार'ही मोठा झाला. हे शब्द त्या वर्गाच्या भिंतीवर रंगवलेलेच होते, त्यामुळे मला फारसे नवल वाटले नाही. टाळ्या झाल्या. खालच्या कोपऱ्यात, उभा, फिकट निळ्या रंगात एक बारीक शब्द होता. 'जेवण'.

तो एका मुलाने गंमत म्हणून टाकला असेल, किंवा खरोखरच एखाद्या मुलाला शाळेत मिळणारे जेवण हे दिवसाचे मोठे जेवण असेल. ढग याबद्दल काही सांगत नाही. चिठ्ठ्या गोळा केल्या असत्या तर बाईंनी अक्षरावरून मूल ओळखले असते. वर्गात काही बोलायचे नसते अशा वेळी, पण मधल्या सुट्टीत त्या मुलाकडे लक्ष ठेवता येते. टॅबवर अक्षर नाही, नाव नाही, आणि जो शब्द एकानेच लिहिला तो एकानेच लिहिला म्हणूनच सर्वांत लहान. शिक्षकाचे काम नेमके याच्या उलट असते. चाळीस मुलांनी 'ज्ञान' लिहिले तर त्यात वाचण्यासारखे काय आहे? बाईंनी आधी वाचायचा तो एकट्याचा शब्द. मी तिथल्या बाईंना निघताना हळूच तो शब्द दाखवला. त्यांनी तो पाहिलाच नव्हता. दोष त्यांचा नाही, चित्राची रचनाच तो दिसू नये अशी आहे.

मला माहीत आहे, काही तरुण शिक्षक म्हणतील, "बाई, मुलांना मजा येते, बुजरी मुलेही बोलती होतात." पहिले मान्य. दुसरेही अर्धे मान्य. नाव दिसत नाही म्हणून बुजरे मूल खरे बोलते, पण ते बोललेले आपण मुंगीएवढे करून टाकणार असू, तर त्याला बोलते करून काय मिळवले? सगळी उत्तरे यादीत एकाखाली एक, सारख्या अक्षरात दाखवा ना. तेवढीच मजा येईल.

वेबसाइटवाल्यांनाही एक विनंती. गुणवत्ता, प्रगती, संस्कार यांचा दिवा करून माथ्यावर लावता, ते चित्र असते. दृष्टिहीन माणसाचा संगणक चित्रातले शब्द सहसा नीट वाचून दाखवू शकत नाही, जर तुम्ही सोबत मजकूर दिला नसेल तर. त्या जागी तुमची संस्था काय करते हे दोन सरळ वाक्यांत लिहा.

हे साधन पार फेकून द्या असे मी म्हणत नाही. एक उपयोग चांगला आहे. स्वतःच्या लेखाचा ढग स्वतःच पाहावा. 'खरे तर' आणि 'अत्यंत' हे शब्द किती फुगलेत ते दिसते आणि मग कात्री चालवता येते. दुसरा उपयोग, धडा शिकवण्याआधी ढग दाखवून मुलांना विचारावे, "यातून गोष्ट काय असेल?" मुले तर्क लढवतात, आणि मग धडा वाचून तो तर्क तपासतात. दोन्ही ठिकाणी ढगानंतर वाचन येते. ढगापाशी तास संपला, तर मात्र आपल्या जुन्या म्हणीची आठवण होते, गरजेल तो पडेल काय!

असो. लांबले. तुमच्यापैकी जे अजून शिकवत आहेत त्यांनी पुढच्या वेळी असे चित्र काढले, तर सर्वांत बारीक शब्द कोणता आला आणि तो कोणाचा होता, ते मला जरूर कळवा.