पावसाळी पाहुणा : तिबोटी खंड्या

गेल्या ज्येष्ठांत, मृगाच्या पहिल्या सरीनंतरच्या सकाळीं, आमच्या कोलशेतच्या घराच्या सज्जांत एक पाखरूं निपचित पडलेलें आढळलें. चोंच धरून लांबी जेमतेम १३ सेंटिमीटर. पण रंग असे कीं मुलांना तें खेळणेंच वाटलें! पोट केशरी-पिवळें, पंख निळसर काळे, माथा व पाठ जांभळट, चोंच व पाय पोंवळ्यासारखे तांबडे. पायांस बोटें तीनच. त्यावरूनच ह्या पक्ष्यास तिबोटी खंड्या म्हणतात.

खंड्या म्हटला कीं तळ्याकाठीं तारेवर बसून मासे टिपणारा पक्षी वाचकांच्या डोळ्यांपुढें येईल. हा त्याचा धाकटा भाऊबंद मात्र दाट, ओलसर रानांतला. सापसुरळ्या, बेडूक, लहान खेकडे, नाकतोडे, कोळी हें त्याचें अन्न. पावसाच्या तोंडावर तो दक्षिणेकडून कोंकणांत येतो. पनवेलजवळील कर्नाळ्याचें अभयारण्य त्याच्या विणीसाठीं प्रसिद्ध आहे. ओढ्याकांठच्या मातीच्या दरडींत बीळ कोरून मादी बहुधा ४-५ अंडीं घालते. नर व मादी आळीपाळीनें तीं सुमारें १७ दिवस उबवितात. पुढें जवळजवळ तीन आठवडे पिलांना भरविण्याची एकच धांदल! आपल्या घरांतील कित्येक कर्त्या पुरुषांनीं ही वांटणी पाहण्यासारखी आहे.

हा प्रवासी रात्रीं उडतो, आणि घात होतो तो तेथेंच. येऊरचें रान कोलशेतहून दूर नाहीं. पण वाटेंत आतां उंच इमारती उभ्या आहेत. दिव्यांनीं भांबावून तो कांचेवर आदळतो.

मुलांनीं पिंजरा मागितला; मातुःश्रींनीं चमच्यानें पाणी पाजण्याचा आग्रह धरिला. आम्हीं दोन्ही गोष्टींस नकार दिला. घायाळ पाखराच्या चोंचींत ओतलेलें पाणी श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें, आणि रानपक्षी घरीं कोंडणें १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें गुन्हा आहे. जोड्यांच्या रिकाम्या खोक्यास भोकें पाडून, आंत मऊ फडकें घालून, तें पाखरूं आम्हीं अंधाऱ्या खोलींत ठेविलें. मातुःश्री दाराशीं बसून मुलांना गप्प करीत होत्या. तासाभरानें आंत खुडबुड ऐकूं आली. खोका सज्जांत नेऊन उघडतांच पाखरूं बाणासारखें सुटलें. तें थेट येऊरला गेलें असें मुलें सांगतात. आम्हांस मात्र तें खालच्या आंब्यांत शिरलेलें दिसलें.

तेव्हांपासून पावसाच्या आरंभीं आमच्या सज्जाचा दिवा रात्रीं लागत नाहीं, आणि कांचेवर मातुःश्रींचें जुनें लुगडें टांगलेलें असतें.