मर्ल ओबेरॉनला ठोकळा म्हणणाऱ्यांनो

हॉलिवूडच्या जुन्या नट्यांचा विषय निघाला की आपल्याकडचे सिनेमाचे पंडित ग्रेटा गार्बो म्हणतात, बेटी डेव्हिस म्हणतात, इंग्रिड बर्गमन म्हणतात. मर्ल ओबेरॉनचं नाव काढलं की नाक मुरडतात. दिसायला बरी होती म्हणे. अभिनय बेताचा. चेहरा हलत नाही. ठोकळा. अलेक्झांडर कोर्डा या निर्मात्यानं वर आणली आणि पुढं त्यानंच तिच्याशी लग्न केलं, एवढं बोलून विषय मिटवतात.

मी गोदीत माल उतरवणारा माणूस. मॅट्रिक पास. इंग्रजी सिनेमा मला दोनदा बघावा लागतो, एकदा कानांनी, एकदा डोळ्यांनी. पण मी सांगतो, हा निकाल खोटा आहे. ज्यांना आयुष्यात कधी स्वतःचा चेहरा दाबून धरावा लागला नाही अशा लोकांनी तो दिलाय.

आधी ती कोण ते ऐका. जन्म १९ फेब्रुवारी १९११, मुंबई. होय, आपलीच मुंबई. आडनाव थॉम्पसन, घरातलं नाव क्वीनी. जन्म देणारी कॉन्स्टन्स तेव्हा स्वतःच पोर होती. म्हणून आजीनं, सिलोनमध्ये जन्मलेल्या सावळ्या शार्लटनं, तिला पोटची म्हणून वाढवलं आणि खरी आई तिला बहीण म्हणून सांगितली. घरात गरिबी. मग कलकत्ता. तिथं शाळेत मिश्र रक्तावरून टोमणे खाल्ले, शाळा सुटली. टेलिफोन ऑपरेटरचं काम केलं, हौशी नाटकात उभी राहिली. एका गोऱ्या साहेबाशी सूत जमलं होतं, त्यानं घरी येऊन सावळी शार्लट पाहिली आणि तोंड फिरवलं. विशीच्या आत पोरीनं युरोप गाठलं. १९३३ साली कोर्डाच्या आठव्या हेन्रीवरच्या सिनेमात राणी ॲन बोलीनची छोटी भूमिका मिळाली आणि लोकांना चेहरा कळला.

मग धंदा सुरू झाला. तिच्यासाठी नवा जन्म रचला गेला : जन्मगाव टास्मानियातलं होबार्ट, घराणं गोरं. मुंबई पुसली. शार्लट तिच्यासोबत लंडनला राहायची, पण पाहुण्यांपुढं ती मोलकरीण असायची. १९३७ ला ती वारली. १९४९ साली मर्लनं जुन्या फोटोवरून तिचं चित्र काढून घेतलं आणि चित्रकाराला सांगितलं, रंग उजळ कर. ते चित्र तिनं मरेपर्यंत घरात टांगलं.

इथं आपल्यातलेच काहीजण उठतात. म्हणतात, रक्त लपवणारी, आईला मोलकरीण करणारी बाई. तिचं कौतुक आपल्या पानात कशाला?

कशाला ते सांगतो. ती खरं बोलली असती तर काय झालं असतं? १९२३ साली भगतसिंग थिंड नावाचा शीख माणूस अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला होता. मी उच्च जातीचा, आर्य, म्हणून गोरा, मला नागरिक करा. जातीचा माज सातासमुद्रापार नेला साल्यानं, कोर्टात दाखला म्हणून वापरला. कोर्टानं तरीही हाकललं. हिंदुस्थानी माणसाला तिथं नागरिक व्हायची वाट १९४६ च्या कायद्यानं उघडली. वर हॉलिवूडची आचारसंहिता होती, १९३४ पासून कडक. पडद्यावर गोऱ्या-काळ्याचं प्रेम बंद. ॲना मे वाँग ही चिनी वंशाची नटी कुणापुढं लपली नाही. तिला काय मिळालं? 'द गुड अर्थ' या १९३७ च्या सिनेमात चिनी शेतकरणीची भूमिका गोऱ्या लुईझ रेनरला दिली, आणि ऑस्करही रेनरनं नेलं.

लांब कशाला जाता, केरळात बघा. पी. के. रोझी, मल्याळम सिनेमाची पहिली नायिका, जातीनं पुलया, गवत कापून पोट भरणारी. 'विगतकुमारन' या मूकपटात तिनं नायर बाईचं काम केलं. पडद्यावर दगड पडले, तिच्या घराला आग लावली, तिला मुलूख सोडून पळावं लागलं. दोघी एकच काम करत होत्या : वरच्या बाईचा वेश. रोझी उघड होती म्हणून तिला जाळायला निघाले. मर्ल लपली म्हणून तिला झुंबराखाली बसवलं. मग गुन्हेगार कोण? लपणारी, की दाराशी उभा राहून रक्त तपासणारा?

आता अभिनय.

१९३५ चा 'द डार्क एंजल'. त्यासाठी तिला मुख्य अभिनेत्रीच्या ऑस्करचं नामांकन मिळालं. बक्षीस बेटी डेव्हिसला गेलं. २०२३ साली मिशेल योला या बक्षिसाचं नामांकन मिळालं तेव्हा आशियाई म्हणून उघड वावरणारी पहिली, असं जपून लिहावं लागलं. कारण सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी एक मुंबईची पोरगी तोंड मिटून त्या रांगेत बसून गेली होती.

पुढं गंमत बघा. 'दीज थ्री', १९३६. एका पोरीच्या खोट्या बोलण्यानं दोन शिक्षिका उद्ध्वस्त होतात. मर्ल त्यातली एक. नामांकन खोटं बोलणाऱ्या पोरीच्या भूमिकेला, बोनिटा ग्रॅनव्हिलला. 'वुदरिंग हाइट्स', १९३९. आठ नामांकनं. लॉरेन्स ऑलिव्हिएला आहे, जेराल्डाइन फिट्झजेराल्डला आहे. जिच्याभोवती सगळा सिनेमा फिरतो त्या मर्लला नाही. 'अ साँग टु रिमेंबर', १९४५. शोपाँ झालेल्या कॉर्नेल वाइल्डला आहे, जॉर्ज साँ झालेल्या मर्लला नाही. समोरच्याला उजेड देणारी बाई हिशेबात नाही. गोदीत हे रोज बघतो. कॉइल खाली नीट बसली की शाबासकी क्रेनवाल्याला. हॅचमध्ये उतरून स्लिंग लावणारा कोण, हे कुणी विचारत नाही.

'वुदरिंग हाइट्स' मी रात्रपाळी संपवून विरार लोकलमध्ये मोबाइलवर पाहिला. गोष्ट अशी : हीथक्लिफ हे लिव्हरपूल बंदराच्या शहरात सापडलेलं काळंसावळं अनाथ पोर. मूळ कादंबरीत एकजण त्याला बघून तर्क करतो, हा लस्कराचा पोर असेल. लस्कर म्हणजे कोण? गोऱ्यांच्या जहाजांवर राबणारे आपल्याकडचे खलाशी. म्हणजे हीथक्लिफ आपल्या गोदीतला. आणि पडद्यावर त्याचं काम करतो ऑलिव्हिए, अस्सल गोरा. त्याला कमी लेखणाऱ्या गोऱ्या कॅथीचं काम करते मुंबईची क्वीनी.

स्वयंपाकघरातला प्रसंग बघा. कॅथी ऐटीत सांगते, श्रीमंताची मागणी आलीय, हीथक्लिफशी लग्न केलं तर माझी पायरी उतरेल. तो आडून ऐकतो आणि निघून जातो. मग तिला उमगतं, मी आणि तो वेगळे नाहीच, मीच तो आहे. त्या क्षणी मर्ल हातवारे करत नाही. चेहरा जवळजवळ थांबतो. फक्त डोळ्यांत भीती उतरते. ज्याला मी खालचा म्हटलं तो मीच, ही भीती. हे तिला कुठल्या नाट्यशाळेनं शिकवलं? घरात मोलकरणीच्या वेशात वावरलेल्या शार्लटनं शिकवलं. त्याआधी एकदा नायकाचा अपमान ऐकून ती भारी झगा अंगावरून ओरबाडून काढते आणि जुन्या कपड्यांत कड्याकडं धावते. तो झगा नुसता झगा वाटतो तुम्हाला? मग सिनेमा बघू नका, क्रिकेट बघा.

माझं सांगतो. नालासोपाऱ्याला खोली घेताना मालकानं डिपॉझिटच्या आधी आडनाव विचारलं. मी गावाच्या नावाला 'कर' लावून सांगितलं. करारबिरार नव्हता, रोख व्यवहार. खोली मिळाली. दिवाळीनंतर आई आली. पिशवीत भाकऱ्या आणि बाबासाहेबांचा छोटा फोटो. मालकीणबाईनं दारातून विचारलं, कोण पाहुणे? माझ्या तोंडून निघालं, गावाकडच्या ओळखीच्या बाई आहेत. आई मागंच उभी होती. तिचा चेहरा हलला नाही. पिशवी भिंतीशी ठेवून म्हणाली, पाणी दे रे बाबा.

काय म्हणाल तुम्ही आईच्या त्या चेहऱ्याला? ठोकळा?

दोन आठवड्यांनी मालकाला खरं आडनाव सांगितलं आणि ती माझी आई हेही सांगितलं. महिन्याच्या आत खोली खाली करावी लागली. आता स्टेशनपासून लांब राहतो, चार पैसे जास्त भरतो. यात शौर्य नाही. मला उठून जायला दुसरी वस्ती होती, बोलायला तुम्ही होता. मर्लला कोण होतं? १९७८ साली होबार्टच्या महापौरानं तिचा जन्मगावी म्हणून सत्कार ठेवला, तिथं तिची तब्येत बिघडली. पुढच्या वर्षी ती मेली. खरं जगापुढं आलं १९८३ च्या चरित्रानं. पंचेचाळीस वर्षं एका दमात केलेलं काम, मध्ये मध्यंतर नाही. आणि पंडित म्हणतात अभिनय बेताचा.

म्हणून पोरांनो, लपू नका. लपण्याची किंमत तिनं आईच्या रंगापर्यंत मोजली. पण जो लपलाय त्याच्यावर थुंकूही नका. आपल्या बिल्डिंगीत, ऑफिसात, कॉलेजात अशा कितीतरी मर्ल तोंड मिटून बसल्यात. थुंकायचंच असेल तर आडनाव विचारणाऱ्याच्या उंबऱ्यावर थुंका.

आणि तो सिनेमा बघा. दोनदा बघा.