बंद घराची राखण

कोकणातल्या बहुतेक कुटुंबांना घरे दोन आणि कुलपेही दोन. गणपतीत आणि मे महिन्यात मुंबईच्या जागेला कुलूप लागते, उरलेल्या वर्षात गावच्या घराला. त्यामुळे सुट्टीच्या तोंडावर पोलीस ज्या सूचना देतात, त्या वाचताना चाकरमान्याला अर्धेच समाधान मिळते. दागिने घरात ठेवू नका, शेजाऱ्यांना सांगून जा, दारात वर्तमानपत्रे साचू देऊ नका, प्रवासाचे फोटो जागच्या जागी जगाला दाखवत बसू नका. हे सारे बरोबरच आहे. पण या सूचना आठ-दहा दिवस बंद राहणाऱ्या शहरी सदनिकेसाठी आहेत. सुट्टी संपल्यावर जे घर आठ-दहा महिने बंद राहते, त्याचे काय करायचे?

खारेपाटणचेच उदाहरण घेऊ. राजापूर मागे टाकून मुंबई-गोवा महामार्गाने सिंधुदुर्गात शिरताना लागणारे हे पहिले मोठे गाव. शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३० चा, म्हणजे इ. स. १००८ चा ताम्रपट इथलाच. विजयदुर्गच्या खाडीतून माल इथवर यायचा आणि पुढे घाट चढून देशावर जायचा. बंदर इतिहासजमा झाले, वाटा मात्र राहिल्या. उत्तरेला रत्नागिरी, दक्षिणेला गोवा आणि भुईबावडा घाटाने कोल्हापूर. २०२० साली करोनाच्या काळात खारेपाटणचा तपासणी नाका साऱ्या चाकरमान्यांना तोंडपाठ झाला. जिल्ह्याचा हा दरवाजा आहे, आणि दरवाजातून पाहुणा येतो तसा चोरही जातो. महामार्ग रुंद झाला, रात्रीचा प्रवास सोपा झाला, याचा आनंद आपल्या सर्वांनाच आहे. मध्यरात्री घर फोडून उजाडायच्या आत दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यात पोहोचणेही त्याच रस्त्याने सोपे झाले, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

पूर्वी ही घरे सुरक्षित होती, असे जुनी माणसे सांगतात. त्यांची कुलपे मजबूत होती म्हणून नव्हे. कौलारू घराला कुलूप हा एक उपचारच असतो. चार कौले सरकवली की माणूस माळ्यावर उतरतो, मागीलदारचा अडसर आतून काढतो आणि पुढच्या दाराचे कुलूप जिथल्या तिथे लटकत राहते. घर राखले जायचे ते वाडीतल्या माणसांमुळे. खळ्यात कुणीतरी भात वाळवत असायचे, पाणंदीतून गुरे जायची, अनोळखी माणूस दिसला की "खंयचो रे तू?" असा प्रश्न तीन घरांतून विचारला जायचा. गावाच्या सीमेवरच्या राखणदारावर श्रद्धा होती, पण त्याच्या जोडीला हे डोळेही होते.

ते डोळे कमी झाले. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार ८२५ होती, २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजार ६५१ झाली. देशाची माणसे वाढत असताना हा जिल्हा घटला. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया नोंदल्या गेल्या. कमावते पुरुष बाहेर गेले, एवढाच याचा साधा अर्थ. आज अनेक वाड्यांत संध्याकाळी दिवा लागतो तो तीन-चार घरांत. आणि त्यातल्या एखाद्या घरात सत्तरी ओलांडलेली एक काकी असते. तिच्या देवघराशेजारच्या खुंटीला शेजारच्या पाच-सहा घरांच्या चाव्या टांगलेल्या असतात. गाडीत बसता बसता सांगितलेले असते, "काकी, जरा घराकडे बघ हां." काकी हो म्हणते. नाही कसे म्हणणार?

आपल्या सुरक्षा-व्यवस्थेचे खरे रूप हे आहे, आणि ते न्याय्य नाही. मुंबईच्या सोसायटीत रखवालदाराला दरमहा पगार देणारा माणूस गावच्या राखणीसाठी काकीला मिठाईचा पुडा देतो. एकट्या म्हाताऱ्या बाईकडे इतक्या घरांच्या चाव्या आहेत, हे गावात सर्वांना ठाऊक असते. म्हणजे आपल्या घराची जोखीम आपण तिच्या उशाशी नेऊन ठेवतो.

मग कॅमेरे लावावेत का? लावावेत, परवडत असेल तर जरूर. पण कोकणातला पाऊस आणि कोकणातली वीज ज्याला माहीत आहे तो कॅमेऱ्यावर सारी भिस्त ठेवणार नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा जिल्ह्यात कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात होती. खारेपाटणच्या बाजारपेठेत तर पावसाळ्यात पुराचे पाणी शिरते. तिथल्या बंद घराला आषाढात चोरापेक्षा नदीची भीती अधिक. निघण्यापूर्वी मेन स्विच बंद करणे, गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवणे आणि कागदपत्रे माळ्यावर नव्हे, तर सोबत नेणे, ही कामे कुलूप घालण्याइतकीच महत्त्वाची आहेत. माळ्यावर पाणी पोहोचणार नाही कदाचित. वाळवी आणि गळके कौल पोहोचतात.

बंद घराच्या चोरीत आणखी एक पेच असतो आणि त्याचा फारसा विचार होत नाही. चोरी झाली कधी, हेच सांगता येत नाही. शिमग्याला लावलेले कुलूप मे महिन्यात उघडायचे आणि मग दिसायचे की तांब्याचा हंडा, समया, देवाचे टाक, पितळी भांडी गेली. फिर्यादीत तारीख काय लिहायची? नाक्यावरचे वा पेट्रोलपंपावरचे चित्रण तोवर पुसले गेलेले असते. कायदा कडक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहत्या घरातील चोरीला सात वर्षांपर्यंत आणि चोरीच्या हेतूने रात्री घर फोडण्याला चौदा वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. पण शिक्षेआधी पुरावा लागतो. त्यासाठी आठवड्यातून एकदा कुणीतरी घर उघडून केर काढणे हे मोठे काम आहे. त्याने चोराला वर्दळ दिसते, आणि अघटित घडलेच तर "गेल्या सोमवारी सर्व ठीक होते" असे सांगणारा साक्षीदार मिळतो. वस्तूंची यादी आणि छायाचित्रेही काढून ठेवावीत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे फिर्याद कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण पुढे करता येत नाही. तेव्हा विरारला बसलेल्या माणसाने फोनवरून बातमी कळताच तिथल्या ठाण्यात जावे, गावी पोहोचेपर्यंत थांबू नये.

सोन्याचे वेगळे सांगायला हवे का? २०२५ साली तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेला. तरी गौरीसाठी नेलेले दागिने "पुन्हा दिवाळीला यायचेच आहे" म्हणून कपाटात ठेवणारी कुटुंबे आहेत. बँकेची तिजोरी बरी, पण तिचीही मर्यादा जाणून घ्यावी. २०२२ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार चोरी, दरोडा वा आग यांत बँकेच्या हलगर्जीने नुकसान झाले तर जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच असते, आणि पूर-भूकंपासारख्या आपत्तीत ती सहसा नसते. घराच्या विम्यातही चोरीचे संरक्षण आहे का हे पाहून घ्यावे. घर सलग महिनाभर बंद राहिल्यास काय, याविषयी अनेक विमापत्रांत अट असते.

केरळ हे आपल्यासारखेच बाहेरगावी कमावणाऱ्यांचे, बंद घरांचे राज्य. तिथल्या पोलिसांच्या 'पोल-ॲप'वर घर बंद करून जाणाऱ्याला तशी नोंद करता येते आणि गस्तीवरचे पोलीस त्या घराकडे फेरी मारतात. आंध्रातही अशी व्यवस्था झाली. आपल्याकडे १९६७ च्या कायद्याप्रमाणे गावोगाव पोलीस पाटील आहे, अनेक ठिकाणी ग्रामसुरक्षा दले आहेत, ११२ हा क्रमांक आहे. नाही ती एक साधी वही. वाडीत किती घरे बंद आहेत, चावी कुणाकडे आहे, मालकाचा फोन कोणता, हे पोलीस पाटलाकडे लिहिलेले असावे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मात्र मुळीच नको. घरपट्टी भरायला माणूस येतोच, तेव्हा ही माहिती भरून घेणे कठीण नाही.

अडचण आहे ती भावकीची. सामाईक घर, सातबारावर पंधरा नावे, आणि मोडका कोयंडा बदलायला कुणी पुढे येत नाही, कारण खर्च कुणाच्या वाट्याचा हा प्रश्न. असे घर चोराच्या आधी पावसाने फुटते. गणपतीत सारे भाऊ एका छपराखाली जमतात तेव्हा वर्षाला प्रत्येकी ठरावीक रक्कम काढून वाडीतल्या एखाद्या तरुण जोडप्याला राखणीचे काम रीतसर, मोबदला ठरवून द्यावे. चाव्या काकीच्या खुंटीवरून त्यांच्याकडे जातील. आणि ते घर उघडायला जातील तेव्हा वाटेत काकीच्या दारातही डोकावतील, तिचा फोन चार्ज आहे ना, एवढे विचारून पुढे जातील.