फिटलं की मिटलं?

एखाद्या घराचं दिवाळं निघालं हे आपल्याकडे कोर्ट नाही, गल्ली ठरवते. दुकानाचं शटर चार दिवस खाली दिसलं, फायनान्सवाले गाडी ओढून घेऊन गेले, की झालं. कायद्यातलं दिवाळं वेगळं असतं बरं का. कोर्टात अर्ज करून स्वतःला नादार जाहीर करून घ्यायची सोय १९२० च्या कायद्यात आहे. मुंबई शहरासाठी त्याआधीचा, १९०९ चा. २०१६ मध्ये नवी दिवाळखोरी संहिता आली खरी, पण तिचा व्यक्तींसाठीचा भाग डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना. आपल्या गावातला किराणावाला किंवा टेम्पोवाला नादारीसाठी कोर्टाची पायरी चढलाय, असं मी तरी पाहिलेलं नाही. आपल्याकडचं दिवाळं मिटतं ते बँकेच्या टेबलावर. आणि खरी परीक्षा त्यानंतर असते. तीन-चार वर्षांनी पुन्हा कर्ज मागायची वेळ येते तेव्हा.

माझ्या ओळखीतल्या एका बाईचंच बघा. नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान कोरोनात बसलं. बँकेचं तीन लाख दहा हजारांचं देणं राहिलं. नोटिसा झाल्या, फोन झाले, वसुलीची माणसं दारात येऊन उभी राहिली. शेवटी बँकेनं एकरकमी परतफेडीत एक लाख ऐंशी हजारांवर तडजोड केली. हिनं पाटल्या मोडल्या, भावाकडून उसने घेतले आणि २०२२ मध्ये पैसे भरून टाकले. बँकेचं पत्र आलं तेव्हा घरात पेढे आणले म्हणे. आता तिला पिको-फॉलचं आणि ओव्हरलॉकचं मशीन घ्यायचंय, साठ हजार हवेत. दुसऱ्या बँकेत गेली. साहेबांनी कॉम्प्युटरकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, तुमचं सिबिल खराब आहे."

"अहो, पण आम्ही सगळं भरलं की!"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि साहेबांचंही नव्हतं.

आता हे सिबिल म्हणजे काय ते जरा नीट समजून घेऊ या. ती २००० साली निघालेली कंपनी. तशा आपल्या देशात आता चार आहेत. त्या कर्ज देत नाहीत, नाकारतही नाहीत. कुणी किती घेतलं, कसं फेडलं याची फक्त नोंद ठेवतात. त्यावरून ३०० ते ९०० मध्ये गुण मिळतात, साडेसातशेच्या वर असले की बँका खूश. पण गुणांपेक्षा महत्त्वाचा असतो तो प्रत्येक कर्जापुढे लिहिलेला एक शब्द. सगळी रक्कम व्याजासकट फेडली तर ‘क्लोज्ड’. काही रक्कम सोडून तडजोड केली तर ‘सेटल्ड’. आणि तिसरा शब्द ‘रिटन ऑफ’, बँकेच्या मराठीत ‘निर्लेखित’. हे ऐकून कित्येकींना वाटतं, कर्ज माफ झालं! अजिबात नाही. बँकेनं आपल्या ताळेबंदापुरतं ते बाजूला काढलेलं असतं, वसुली चालूच राहते.

आपल्या भाषेत फिटणं वेगळं आणि मिटणं वेगळं, नाही का? सेटलमेंटमध्ये प्रकरण मिटतं, कर्ज फिटत नाही. वरचे एक लाख तीस हजार बँकेनं सोडले, पण सोडले हे लिहून ठेवलं. ही नोंद किमान सात वर्षं तिथं राहते. तडजोडीच्या टेबलावर हे कुणी समजावून सांगत नाही. सांगायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. पाटल्या मोडायच्या आधी बाईला हे कळलं तर ती कदाचित सवलत न घेता हप्ते वाढवून मागेल. निदान विचारून तरी बघेल.

पण मला जास्त राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. दुकान नवऱ्याचं, व्यवहार नवऱ्याचा, मग सिबिल हिचं कसं बिघडलं? तर सहकर्जदार म्हणून हिची सही होती. "इथं सही कर गं, साहेब थांबलेत" एवढ्यावर आपल्याकडे बायकांच्या सह्या होतात. स्वयंपाकघरातून हात पुसत पुसत यायचं, फुली मारलेल्या ठिकाणी नाव लिहायचं आणि परत चहाकडे वळायचं. भाजी घेताना दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपण तीन लाखांचा कागद वाचत नाही! नुसतं बायको असल्यामुळे नवऱ्याचं कर्ज आपल्या नावावर चढत नाही, हे लक्षात ठेवा. तो गेला तरी वारशानं आलेल्या मालमत्तेपुरतीच वसुली होऊ शकते. सही केली की मात्र चित्र बदलतं. सहकर्जदार तर कर्जदारच असतो, आणि जामीनदाराची जबाबदारीही १८७२ च्या करार कायद्यानं मूळ कर्जदाराइतकीच धरली आहे. "नुसता जामीन राहा हो वहिनी" यातलं ‘नुसता’ अगदी फसवं आहे.

बरं, जे झालं ते झालं. आता पुढे काय? बँकेतले लोक "सिस्टीम घेत नाही" म्हणून मोकळे होतात. पण आयुष्यभर दार बंद असा नियम कुठेही नाही. रिझर्व्ह बँकेनं जून २०२३ मध्ये सांगितलं की तडजोड केलेल्या कर्जदाराला त्या बँकेनं किमान बारा महिने नवं कर्ज देऊ नये; शेतीकर्जाला ही बारा महिन्यांची अट नाही. बँक आपल्या धोरणानं हा काळ वाढवू शकते, पण ते तिचं धोरण झालं, कायदा नव्हे. अमुक इतके गुण हवेतच, असंही रिझर्व्ह बँकेनं ठरवून दिलेलं नाही. म्हणून अर्ज तोंडी करू नका, लेखी द्या, पोच घ्या. अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवायला बँक बांधील आहे. कारण हातात असलं की पुढचं पाऊल ठरवता येतं. आणि एका बँकेनं नाही म्हटलं की त्याच आठवड्यात दुसऱ्या चार बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते आणि गुण आणखी घसरतात. आपला रिपोर्ट आपण बघितला तर मात्र काही बिघडत नाही.

तो रिपोर्ट चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, जानेवारी २०१७ पासून. मोबाईलवर मागवता येतो. स्वतःला जमत नसेल तर कॉलेजातल्या मुलीला शेजारी बसवा, सायबर कॅफेवाल्याला नको. त्यात चूक सापडली, म्हणजे न घेतलेलं कर्ज दिसलं किंवा पूर्ण फेडलेलं अजून थकीत दाखवलं, तर बँकेकडे किंवा त्या कंपनीकडे फुकट तक्रार करता येते. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये भरपाई मिळायला हवी. हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. "पाच हजार द्या, सिबिल साफ करून देतो" म्हणणारे एजंट आता तालुक्याच्या गावीही फिरतात. चुकीची नोंद पैसे न देता निघते, आणि खरी नोंद पैसे देऊनही निघत नाही. मग त्या माणसाला पाच हजार कशाचे द्यायचे?

सोडलेली रक्कम नंतर भरून ‘सेटल्ड’चं ‘क्लोज्ड’ करून घेता येतं का? अनेक बँका तयार होतात. रक्कम दहा-पंधरा हजारांची असेल तर जरूर भरा, नो ड्यूजचा दाखला घ्या आणि दोन महिन्यांनी रिपोर्ट बदलला का ते पाहा. पण एका शब्दासाठी एक लाख तीस हजार पुन्हा उसने काढणं, हे मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

त्यापेक्षा लहान सुरुवात बरी. दहा-पंधरा हजारांची मुदत ठेव करायची आणि तिच्यावरच बँकेकडून थोडं कर्ज घ्यायचं. ठेव तिच्याचकडे असल्यानं बँक सहसा नाही म्हणत नाही. किंवा सोन्यावर छोटं कर्ज. हप्ता एक दिवसही चुकवायचा नाही. वर्ष-दीड वर्ष असं गेलं की जुन्या नोंदीखाली नव्या चांगल्या नोंदी जमायला लागतात. हे काम दह्याच्या विरजणासारखं आहे, सारखं हलवून बघितलं तर लागत नाही. बचत गटात असाल तर फारच चांगलं. गटाला आपली ऐपत आणि आपला स्वभाव दोन्ही माहीत असतं. अंतर्गत कर्जातून आधी जुनं मशीन घेता आलं तर साठ हजारांची गरजही कदाचित तीसवर येईल.

भीती वाटते ती बँकेनं परत पाठवलेली बाई थेट आठवड्याच्या हप्त्यांच्या मायक्रोफायनान्सकडे वळते तेव्हाची. एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याचं कर्ज, दुसऱ्यासाठी तिसऱ्याचं. तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांना असं विनातारण कर्ज मिळतं, पण सगळ्या घराचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, असा २०२२ चा नियम आहे. नवऱ्याचे हप्तेही त्यात धरायचे. तेव्हा फॉर्म भरणाऱ्या माणसानं उत्पन्न फुगवून लिहिलं तर खूश होऊ नका, खोडायला लावा. सावकाराकडे तर परवाना बघितल्याशिवाय जाऊच नका. २०१४ च्या कायद्यानं परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते.

आणखी एक. शैक्षणिक कर्जाला बहुतेक बँका आई किंवा वडिलांना सहकर्जदार करून घेतात. मुलीला नर्सिंगला किंवा इंजिनीअरिंगला प्रवेश मिळतो, फी भरायला आठ दिवस उरतात आणि तेव्हा कळतं की दोघांच्याही नावापुढे जुना शब्द बसलेला आहे. आठ दिवसांत तो हलत नाही. म्हणून लेक दहावी पास झाली की त्याच सुट्टीत आपला रिपोर्ट मागवा. नवऱ्याचाही मागवा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. बारावीपर्यंत हातात दोन वर्षं असतात, तेवढ्यात एखादं छोटं कर्ज घेऊन फेडूनसुद्धा होतं.