मिसिसिपी ते टेंभुर्णी

अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्यावर आपण भाषणं ठोकतो. 1972 ला पँथर हे नावसुद्धा तिथूनच घेतलं. पण तिथला एक हिशेब भोकरच्या पोरांनी नीट वाचावा.

1962 साली जेम्स मेरेडिथ हा एकटा काळा तरुण मिसिसिपी विद्यापीठात शिकायला गेला. गोऱ्यांनी दंगल केली, दोन माणसं मेली. केनेडीनं हजारो सैनिक धाडले आणि दुसऱ्याच दिवशी मेरेडिथचं नाव पटावर चढलं. केनेडी काही संत नव्हता. कोर्टाचा हुकूम होता, जग बघत होतं.

आता आपलं. 27 जुलै 1978. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव दोन्ही सभागृहांनी केला. दंगल इथंही झाली, गावोगावच्या आपल्या वस्त्यांवर. झोपड्या जळाल्या. आपल्याच जिल्ह्यात, टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना जाळून मारलं. आणि सरकारनं? ठरावच गुंडाळून ठेवला! दंगलखोरांना पाहिजे होतं ते दंगल करून मिळालं. साडेपंधरा वर्षं. 25 नोव्हेंबर 1993 ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं, तेव्हा कुठं 14 जानेवारी 1994 ला नाव लागलं. तेही ‘मराठवाडा’ शेपटीला ठेवून. नामविस्तार म्हणे!

त्याच साली नांदेडला वेगळं विद्यापीठ निघालं, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं. नांदेड-लातूरची कॉलेजं तिकडं गेली. म्हणजे ज्या जिल्ह्यानं पोचीराम आणि गौतम दिले, तिथल्या पोराच्या डिग्रीवर बाबासाहेब नाहीतच. भोकरच्या कॉलेजातून पास झालेल्यांनी आपलं सर्टिफिकेट काढून बघावं.