ओटी गेली, हॉल आला

(द्वितीय वर्ष कला)

दिवाळीनंतर भात झोडून झाले आणि आमच्या घराची कौले उतरवली. दरवर्षी वैशाखात उतरवतो तशी शाकारायला नव्हेत, कायमची. एकेक कौल हातोहात खाली येत होते आणि आजी अंगणात बसून ती मोजत होती. फुटकी एकीकडे, धड एकीकडे. कशाला मोजतेस म्हणून विचारले तर म्हणाली, "राहू दे बाय, गोठ्याला होतील."

त्याच दुपारी रस्त्यावर एक मोटार थांबली. त्यातून उतरलेल्या गृहस्थांनी बाबांना विचारले, "हे सागाचे खांब विकणार का?" त्यांना जवळच 'गावठी पद्धतीचे' घर बांधायचे होते. म्हणजे पाहा, आम्ही गावातले घर मोडून शहरासारखे बांधायला निघालो आणि शहरातला माणूस आमचे मोडलेले घर विकत घ्यायला दारात उभा! बाबांनी चार खांब दिले. त्या पैशांतून सिमेंट आले. आजी दोन दिवस बाबांशी बोलली नाही.

वाचकहो, या एका प्रसंगाने मला लिहायला बसवले. आमचे कोंडाणे राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात. पावसाळ्यात लेणी आणि धबधबे पाहायला येणाऱ्यांनी गाव पाहिलेले असते, म्हणजे गाडीतून. त्यांना हिरव्या डोंगराखालचे कौलारू घर फार आवडते, आणि अंगणात उभे राहून ते त्याचे फोटोही काढतात. वर्गातसुद्धा ग्रामीण साहित्य शिकताना मातीच्या भिंतींचा गारवा, सारवलेल्या जमिनीचा वास असा विषय निघतो आणि सगळे क्षणभर हळवे होतात. मला मात्र आईचे हात आठवतात.

सारवलेल्या जमिनीचा वास चांगला असतो, हे मान्य. पण शेण गोळा करणे, कालवणे आणि गुडघ्यांवर बसून ओटीपासून परसदारापर्यंत सारवत जाणे हे काम आठवड्याला एकदा येते, आणि सणाला तर येतेच येते. घराच्या कुडाला कारवीच्या काठ्या लागतात. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि मरते, असे कौतुकाने सांगितले जाते. पण ती रानातून तोडून, डोक्यावर भारा घेऊन उतरणारी बाई त्या कौतुकात कुठेच नसते. कुडाला वाळवी लागते, उंदीर बिळे करतात, उंदरांमागून जनावर येते. आणि पाऊस? आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक कोसळतो. माकडे उड्या मारून कौले फोडतात आणि आषाढात घरभर टोप, पातेली, तांबे मांडून ठेवावे लागतात. प्रथम वर्षाच्या माझ्या इतिहासाच्या दोन वह्या अशाच एका रात्री भिजल्या. शाई पसरून सातवाहन आणि क्षत्रप एक झाले! तेव्हा कोणी माझ्यासमोर मातीच्या घराचे काव्य करू लागले की मला त्या वह्या दिसतात.

म्हणून स्लॅबचे घर हवे म्हणणाऱ्या माझ्या गावाला मी हसणार नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड जिल्ह्यात कितीतरी घरांचे पत्रे आणि कौले उडाली. तेव्हापासून तर 'डोक्यावर स्लॅब' हा शब्दप्रयोगच धीराचा झाला आहे. लग्न जुळवतानाही मुलाच्या शिक्षणाआधी विचारतात, घर स्लॅबचे आहे का? सरकारी कागदही तीच भाषा बोलतो. मातीची भिंत म्हणजे 'कच्चे', सिमेंटची म्हणजे 'पक्के'. साठ-सत्तर वर्षे तीन पिढ्यांना सांभाळलेल्या घराला एका फॉर्मवर 'कच्चे' लिहिले, की घरातल्या माणसांनाही आपण कच्चे असल्यासारखे वाटू लागते.

दुसरीकडे कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर फार्महाऊस, व्हिला, 'सेकंड होम' यांच्या जाहिराती पाहाव्यात. माझे बाबा अशाच एका फार्महाऊसवर राखणदार आहेत. मी तिथे अनेकदा डबा घेऊन गेले आहे. तिथे जात्यावर काच ठेवून टीपॉय केला आहे, उखळात कमळे लावली आहेत, आणि सिमेंटच्या खांबांवर लाकडाच्या रेषा रंगवून त्यांना सागाचे रूप दिले आहे. कौलांखाली वातानुकूलन यंत्र आहे. घरमालक वर्षातले वीस-पंचवीस दिवस येतात. उरलेले दिवस त्या ओटीवर बाबा एकटे बसतात. माती तिथे शोभेची झाली आहे, कारण ती सारवायला पगारी बाई आहे. लॉरी बेकर या वास्तुविशारदाने केरळात अनेक वर्षे स्थानिक विटा आणि जुने साहित्य वापरून स्वस्त घरे बांधली. ती त्याने गरिबाला परवडावीत म्हणून बांधली होती. त्याच्या पद्धतीची नक्कल आज सर्वात महाग घरांत होते, हे पाहायला तो नाही. २००७ साली तो वारला.

तरीही त्या रंगवलेल्या खांबांना मी पूर्वी जेवढी हसत असे, तेवढी आता हसत नाही. कारण आमची लेणी. कोंडाण्याचा चैत्य दोन हजार वर्षांपूर्वीचा. इतिहासाच्या सरांनी सांगितल्यावर मी तो पहिल्यांदा नीट पाहिला. त्याआधी तो आमच्यासाठी गुरे चारण्याची जागा होता. दर्शनी भाग पाहा. दगडात लाकडी कमानी आहेत, तुळयांची टोके बाहेर आलेली आहेत, लाकडी कठड्याची जाळी आहे. दगडाला यांतल्या कशाचीही गरज नाही. डोंगर पोखरल्यावर छत कोसळू नये म्हणून तुळई लागत नाही! पण कारागिरांचे हात लाकडाचे घर बांधत आले होते आणि त्यांच्या डोळ्यांना घर म्हणजे तेच दिसत होते. साहित्य बदलले तरी घराचा आकार त्यांना सोडवला नाही. आम्ही मात्र साहित्याबरोबर आकारही टाकून देत आहोत, आणि माझी तक्रार नेमकी ही आहे.

आमच्या वाडीत गेल्या काही वर्षांत झालेली घरे पाहिली तर ती सगळी एका साच्यातली दिसतात. समोर 'हॉल', त्याला लोखंडी ग्रिल, मागे किचन, एक खोली, वर सपाट स्लॅब. हा नकाशा डोंबिवलीच्या चाळीशेजारच्या फ्लॅटचा आहे. तिथे जागा नव्हती म्हणून तो तसा झाला. आमच्याकडे आभाळ मोकळे आणि पाऊस आडवा. सपाट स्लॅब दोन-तीन पावसाळ्यांत पाझरू लागतो, चैत्र-वैशाखात रात्रीपर्यंत तापलेला राहतो. मग पुन्हा कर्ज काढून स्लॅबवर उतरत्या पत्र्याची शेड उभी करतात. म्हणजे आधी उतरते छप्पर मोडायचे आणि मग तेच दुप्पट खर्चाने स्लॅबच्या डोक्यावर बसवायचे! विटांच्या पक्क्या भिंती आणि वर उतरते छप्पर हा मधला मार्ग कोणी का घेत नाही, म्हणून मी गवंड्याला विचारले. तो म्हणाला, लाकूड महाग, पाखे नीट जुळवणारा सुतार मिळत नाही, आणि लोकांना स्लॅबच दाखवायचा असतो. त्याच्या तिन्ही कारणांत खोटे काही नाही.

इथे इरशाळवाडीचा विषय टाळून चालणार नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या त्या ठाकरवाडीवर डोंगर आला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. वाचलेल्यांनी आधी कंटेनरमध्ये दिवस काढले, मग सिडकोने त्यांच्यासाठी ४४ पक्की घरे बांधली. त्या रात्रीनंतर डोंगरकडेच्या प्रत्येक वाडीत घर हा शब्द वेगळ्या आवाजात उच्चारला जातो. पण त्यावरून 'मातीची घरे होती म्हणून माणसे मेली' असे जे बोलले जाते, ते मला पटत नाही. डोंगरच खाली आला तर स्लॅब काय करणार? घर कशाचे आहे याआधी ते कुठे आहे, हा प्रश्न येतो. आमच्या गावात तर तोही सुटलेला नाही. उल्हासवरच्या कोंढाणे धरणाचे नाव २०१२ साली सिंचन घोटाळ्याच्या बातम्यांत गाजले. पुढे ते धरण नवी मुंबईच्या पाण्यासाठी सिडकोकडे गेले. धरणाची बातमी आली की बांधकामाला काढलेले पैसे लोक पुन्हा डब्यात ठेवतात. असो.

आमच्या घराकडे येते. आम्हाला घरकुल मंजूर झाले आहे. अनुदान १ लाख २० हजार, आणि घर किमान २५ चौरस मीटरांचे. बाकीचे पैसे बचतगटाचे आणि उसने. योजनेच्या धोरणाप्रमाणे घरकुल आईच्या नावावर आहे. पण नकाशा ठरवताना बाबा होते, काका होते, गवंडी होता. आईला कोणी विचारले नाही. घराची मालकीण चहा करत होती! मग मी विचारले. तिला आधी ते थट्टेचे वाटले. मग म्हणाली, "उभ्याने स्वयंपाक करता येईल असा ओटा हवा. नि न्हाणीला आतून कडी." पंचवीस वर्षे संसार केलेल्या बाईच्या घराविषयीच्या अपेक्षा एवढ्याच.

आजीला विचारले तर ती म्हणाली, "मी बसू कुठे?" हॉलमध्ये बस, असे बाबा म्हणाले. पण हॉलमध्ये बसलेल्या म्हातारीशी रस्त्यावरून जाणारा बोलत नाही. ओटीवर आणि पडवीत बसलेलीशी बोलतो. पडवीत भात वाळते, पावसात लाकडे राहतात, ओला माणूस आत न येता टेकतो, आणि उन्हाळ्यात मी तिथेच अभ्यास केला.

ओटीचे मी देव्हारे माजवत नाही. ती पुरुषांची होती. आई आणि आजी माजघराच्या अंधारातून बोलणी ऐकत. आमच्याकडे लावणीला येणारे कातकरी ओटीवर चढत नसत, अंगणातच बसत, आणि त्यांना वरून चहा ओतला जाई. हे मी स्वतः पाहिले आहे. ती ओटी गेली याचे मला दुःख नाही. मला हवी आहे ती चार-पाच हात रुंदीची, पायरी कमी असलेली, कोणीही टेकावे अशी पडवी. स्लॅबच्या घरापुढे ती शोभणार नाही, असे काका म्हणतात. लोक म्हणतील, पैसे कमी पडले.

सध्या जोते झाले आहे. पुढची भिंत कुठवर घ्यायची, हे गवंड्याने दोनदा विचारले आणि बाबांनी दोन्ही वेळा "बघू" म्हटले. आम्ही काकांच्या पडवीत राहतो, आणि हा लेख तिथेच लिहिला आहे. परवा रात्री जेवताना आजी कोणाकडेही न पाहता म्हणाली, वासे अजून गोठ्यात पडून आहेत, विकलेले नाहीत. आणि गोठा शाकारून दोनशेवर कौले उरतात, पडवीला दीडशे पुरतात. बाबांनी आणखी भात मागितला.