घरातील व्यायामयंत्र आणि त्याचे सूचनापत्र

घरात वापरल्या जाणाऱ्या बहुतेक यंत्रांना शक्ती बाहेरून मिळते. पंखा, मिक्सर, कपडे धुण्याचे यंत्र ही सर्व विजेवर चालतात आणि बटण बंद केले की थांबतात. व्यायामयंत्राची गोष्ट निराळी आहे. त्याला चालविणारी शक्ती माणसाच्या स्नायूंतून येते, आणि त्या श्रमाचा परिणाम त्याच माणसाच्या हृदयावर, गुडघ्यांवर व कंबरेवर होतो. अशा यंत्राचा अर्धा भाग लोखंडाचा आणि अर्धा भाग माणसाचा असतो असे म्हणावयास हरकत नाही. लोखंडी भाग कारखान्यात तयार होऊन येतो. मानवी भागाला मात्र काय करावे व काय करू नये हे सांगावे लागते, आणि ते सांगण्याचे काम खोक्यातील सूचनापत्राकडे असते. ज्या घरात ते पत्र वाचले जात नाही, किंवा वाचता येत नाही, त्या घरात यंत्र अपुरेच आले आहे असे समजले पाहिजे.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली आणि व्यायामशाळा बंद पडल्या. त्या काळात अनेक कुटुंबांनी घरीच व्यायामाची सोय पाहिली. त्यासाठी घेतल्या जाणाऱ्या यंत्रांपैकी एक म्हणजे बाजारात ‘एलिप्टिकल’ या नावाने मिळणारे लंबवर्तुळी व्यायामयंत्र होय. अमेरिकेतील लॅरी मिलर या अभियंत्याच्या कल्पनेवरून प्रिकॉर या कंपनीने हे यंत्र १९९५ साली बाजारात आणले. त्याची रचना शाळेतील विद्यार्थ्यालाही समजेल इतकी सोपी आहे. एका लांब दांड्याचे एक टोक चाकाबरोबर वर्तुळात फिरते आणि दुसरे टोक रुळावर किंवा झोक्याच्या दांडीवर पुढे-मागे सरकते. एका टोकाची गती वर्तुळाकार व दुसऱ्याची जवळजवळ सरळ रेषेत असल्यामुळे मधल्या बिंदूचा मार्ग लंबवर्तुळासारखा होतो. त्या मधल्या भागी पेडल बसविलेले असते. त्यावर उभा राहिलेला माणूस चालण्याधावण्यासारखी हालचाल करतो, परंतु त्याचे पाऊल पेडलापासून सुटत नाही. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीचा जो आघात सोसावा लागतो तो येथे होत नाही. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांना हे यंत्र सुचविले जाते त्याचे कारण हेच.

आघात नाही म्हणून धोका नाही, असा समज मात्र करून घेऊ नये. या यंत्रात एक जड चाक असते. त्याला प्रचक्र म्हणतात. ते एकदा फिरू लागले की आपली गती धरून ठेवते आणि हालचाल सलग होते. गती दुप्पट झाली की त्या चाकातील ऊर्जा चौपट होते. घरगुती प्रकारच्या अनेक यंत्रांत पेडल आणि हे चाक एकमेकांशी कायम जोडलेले असतात. सायकलवर पाय थांबविले तरी चाक मोकळे फिरत राहते, तशी सोय येथे नसते. माणूस थांबला तरी चाक थांबेपर्यंत पेडल फिरतच राहते. घाईने खाली उतरणाऱ्याच्या पोटरीवर ते मागून आदळते, ते याच कारणाने.

हालचालीला विरोध करण्यासाठी पुष्कळ यंत्रांत लोहचुंबक वापरलेला असतो. धातूचे चाक चुंबकाजवळून फिरू लागले की त्यात भोवरा प्रवाह निर्माण होतात आणि ते चाकाच्या गतीला अडवितात. हा अडथळा गतीवर अवलंबून असतो. चाक स्थिर असेल तर भोवरा प्रवाह नाहीत, आणि म्हणून अडथळाही नाही. यावरून व्यवहाराचा एक नियम निघतो. उभे असलेले यंत्र हे कुलूप लावलेले यंत्र नव्हे. वरच्या पेडलावर वजन पडले की ते तत्काळ खाली येते. म्हणून चढताना दांडी धरून प्रथम सर्वांत खाली असलेल्या पेडलावर पाऊल ठेवावे आणि मग दुसऱ्यावर. उतरताना पेडल पूर्ण थांबू द्यावे, आधी वरच्या पेडलावरील पाऊल जमिनीवर घ्यावे आणि नंतर खालच्या पेडलावरील. हा क्रम नुसता पाठ केला तर विसरतो. त्यामागील कारण कळले तर सहसा विसरत नाही.

यंत्र कोठे ठेवावे याचा विचार ते विकत घेण्यापूर्वीच झाला पाहिजे. व्यायामयंत्रांच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ २०९५७ ही आंतरराष्ट्रीय मानकमाला आहे आणि तिचा नववा भाग लंबवर्तुळी यंत्रांविषयीच आहे. या मालेनुसार यंत्रावर ज्या बाजूंनी चढावयाचे त्या बाजूंस किमान ०.६ मीटर, म्हणजे सुमारे दोन फूट, जागा मोकळी असावी. भारतीय घरात आणखी एक माप घ्यावे लागते, ते डोक्यावरचे. राष्ट्रीय इमारत संहितेने राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर सांगितली आहे. समजा, वर आलेले पेडल जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच आहे आणि माणसाची उंची १७५ सेंटिमीटर आहे. तर डोके २.२० मीटरपर्यंत जाते. छताचा पंखा त्याच जागी लोंबत असेल तर अंतर फारच थोडे उरते. पंख्याखाली वारा चांगला लागतो म्हणून यंत्र तेथे मांडण्याचा मोह होतो, तो टाळावा. पावसाची झड येणारी बाल्कनीही योग्य जागा नव्हे, कारण दमट हवेत आणि पाण्यात बोल्ट गंजतात. गुळगुळीत फरशीवर रबराची चटई अंथरावी, म्हणजे यंत्र सरकत नाही आणि खालच्या मजल्यावरील लोकांना आवाजाचा त्रासही कमी होतो.

जोडणीचे काम बहुधा दुकानाकडून येणारा कारागीर करतो आणि ते आटोपले की निघून जातो. यंत्र वापरणाऱ्या व्यक्तीने त्या वेळी समोर बसून काम पाहिले पाहिजे. सर्व बोल्ट प्रथम हाताने बसवावेत, सांधे नीट जुळल्याची खात्री करावी, आणि मगच पान्याने घट्ट आवळावेत. एक बोल्ट आधीच पक्का केला तर पुढची भोके जुळत नाहीत, आणि मग जबरदस्तीने आटे बिघडतात. सायकलच्या डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात हे कोणताही सायकल दुरुस्त करणारा सांगेल. काही व्यायामयंत्रांतही डाव्या बाजूस असेच उलटे आटे असतात. डावे-उजवे सुटे भाग वेगळे ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे. शेवटी पाणसळ लावून यंत्र सपाट उभे आहे की नाही ते पाहावे आणि तळाचे फिरते पाय वर-खाली करून डुगडुग काढावी. पहिल्या काही दिवसांच्या वापराने बोल्ट ढिले होतात. ते पुन्हा आवळावेत, आणि पुढेही ठरावीक दिवसांनी तपासावेत. करकर किंवा खडखड असा नवा आवाज येऊ लागला तर कारण सापडेपर्यंत यंत्र बंद ठेवावे. यंत्रावरील पाटीवर सोसावयाच्या वजनाची मर्यादा लिहिलेली असते. ती घरातील सर्वांना ठाऊक असावी.

वापराच्या बाबतीत परदेशी सूचनापत्राने गृहीत धरलेल्या गोष्टी येथे लागू पडतातच असे नाही. आपल्याकडे घरात चपला-बूट घालण्याची रीत नाही. त्यामुळे अनेकजण अनवाणी किंवा मोजे घालून यंत्रावर चढतात आणि घामाने पाय घसरतो. बाहेर कधीही न वापरलेला बुटांचा एक जोड केवळ व्यायामासाठी ठेवला तर रीतही पाळली जाते आणि पायही सुरक्षित राहतो. साडीचा पदर, ओढणी, सैल पायजमा, लांब मोकळी वेणी ही फिरत्या दांड्यात गुंतू शकतात. ‘सैल कपडे घालू नयेत’ एवढ्या वाक्याने हा बोध होत नाही. ‘ओढणी काढून ठेवावी व पदर खोचून नव्हे, तर साडी बदलूनच यंत्रावर चढावे’ असे स्पष्ट सांगितले तर तो होतो. व्यायाम करताना पाठ ताठ असावी, शरीराचा सारा भार हातांच्या दांड्यांवर टाकू नये, आणि आरंभी व शेवटी पाच-पाच मिनिटे गती मंद ठेवावी.

यंत्राच्या पडद्यावर उमटणाऱ्या आकड्यांविषयी फार भोळेपणा दिसून येतो. समजा, पडद्यावर ‘३०० कॅलरी’ असा आकडा आला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या शारीरिक हालचालींच्या संदर्भसारणीत या यंत्रावरील मध्यम श्रमासाठी ५ मेट हा अंक दिलेला आहे. त्यानुसार ६० किलोग्रॅम वजनाचा माणूस अर्ध्या तासात सुमारे १५० किलोकॅलरी खर्च करतो आणि ८० किलोग्रॅमचा सुमारे २००. जे यंत्र वजन विचारतच नाही त्याला हा फरक कसा कळणार? नाडीच्या ठोक्यांचेही तसेच आहे. २२० मधून वय वजा करून ठोक्यांची कमाल मर्यादा काढण्याची रीत रूढ आहे. २००१ साली सुचविलेल्या दुसऱ्या सूत्रात वयाची ०.७ पट २०८ मधून वजा करतात. साठ वर्षांच्या व्यक्तीसाठी पहिले सूत्र १६० सांगते आणि दुसरे १६६. दोन्ही उत्तरे सरासरीची आहेत, कोणा एका व्यक्तीची नव्हेत. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर वर्गातील औषध घेणाऱ्याला ती लागूच पडत नाहीत, कारण ते औषध नाडी मंद करते. याहून भरवशाची कसोटी सोपी आहे. व्यायाम करताना बोलता यावे, परंतु गाता येऊ नये, एवढा श्रम मध्यम समजावा. छातीत दुखणे, चक्कर येणे, अकारण दम लागणे यांपैकी काहीही जाणवले तर तत्काळ थांबावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी आरंभ करण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. तो पहिल्याच आठवड्यात पुरा करण्याची घाई कोणी करू नये.

सर्वांत गंभीर प्रश्न मुलांचा आहे. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने आपली घरगुती ट्रेडमिल यंत्रे परत मागविली, कारण अशा यंत्राच्या अपघातात एका बालकाचा मृत्यू झाला होता. लंबवर्तुळी यंत्राला विजेचा फिरता पट्टा नसतो हे खरे, परंतु त्याचे दांडे कात्रीसारखे उघडतात व मिटतात, आणि चाक थांबविण्यासाठी बटण नसते. रांगणारे मूल मागून जवळ आले तर व्यायाम करणाऱ्याला ते दिसतही नाही. म्हणून यंत्र दार लावता येईल अशा खोलीत असावे, आणि वापर संपल्यावर ते हलणार नाही अशी व्यवस्था निर्मात्याने दिली असेल तर ती रोज वापरावी.

हे सर्व ज्ञान नवीन नाही. बहुतेक सूचनापत्रांत ते कोठे ना कोठे छापलेले असते, परंतु बहुधा इंग्रजीत आणि बारीक टाइपात. घरात यंत्र आणणारा मुलगा इंग्रजी वाचतो. सकाळी यंत्रावर चढते ती त्याची आई, आणि तिच्याजवळ नातवंड खेळत असते. सूचना ज्याच्या हाती पडते आणि धोका ज्याला होतो, ती माणसे अशा रीतीने निराळी होतात.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याच्या कलम ८४ नुसार, हानी टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराविषयीचा इशारा वस्तूसोबत नसेल तर उत्पादकावर जबाबदारी येते. वाचताच न येणारी सूचना ‘पुरेशी’ कशी म्हणावी, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. कीटकनाशकांच्या बाबतीत देशाने याचे उत्तर पूर्वीच दिले आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी डब्यासोबतचे पत्रक हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातील एक-दोन प्रादेशिक भाषांत छापावयास सांगितले. विषाला जो न्याय, तोच फिरत्या लोखंडाला का नसावा?

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, चित्रे पुरेशी आहेत. बोल्ट कोठे बसवावा हे चित्र उत्तम सांगते. परंतु ‘हे औषध चालू असेल तर नाडीच्या आकड्यावर विसंबू नका’ हे चित्रातून सांगता येत नाही. दुसरा आक्षेप असा की, आता मोबाइल कोणत्याही मजकुराचे भाषांतर करून देतो. तो देतो, आणि पुष्कळदा बरे देतो. परंतु त्यात ‘करा’चे ‘करू नका’ झाले तर उत्तरदायी कोण? उत्पादकाने स्वतः छापलेल्या सूचनेची जबाबदारी उत्पादकावर राहते, आणि तिचे खरे मोल त्यातच आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत संपूर्ण पुस्तिका छापणे जड जाईल हे मान्य करता येईल. परंतु चढणे, उतरणे, मुले, वस्त्रे, वजन आणि थांबण्याची लक्षणे या सहा गोष्टी एका पानात मावतात. ते एक पान ग्राहकाच्या भाषेत, मोठ्या टाइपात, खोक्यात सर्वांत वर असावे, एवढी मागणी अवाजवी नाही.

ती पुरी होईपर्यंत काही काम घरी आणि शाळेतही करता येईल. विज्ञानाच्या शिक्षकाला भोवरा प्रवाह, प्रचक्र आणि लंबवर्तुळ हे तीनही विषय या एकाच यंत्रावरून शिकविता येतील. ज्या विद्यार्थ्याच्या घरी असे यंत्र आहे त्याने वरील सहा गोष्टी स्वच्छ अक्षरांत लिहून यंत्राशेजारच्या भिंतीवर लावाव्यात, आणि ज्यांना अक्षर लागत नाही त्यांना त्या वाचून दाखवाव्यात. त्यासाठी लागतो तो एक कागद आणि अर्धा तास.